दवंडी पिटली, पण पोच कोणी घेतली?

१/
आकाशात तात्पुरता धोका निर्माण झाला की त्याची वार्ता वैमानिकाच्या कानी कशी पडते, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो; वस्तुतः तो जबाबदारीचा प्रश्न आहे. कुठे धावपट्टी बंद असते, कुठे तोफांचा सराव चालू असतो, कुठे ज्वालामुखीची राख पसरलेली असते, तर कुठे रॉकेटचा जळता टप्पा खाली येत असतो. अनर्थ घडला की एक बचाव ठरलेला असतो: सूचना प्रसिद्ध केलेली होती. त्या बचावाविरुद्ध हा धागा आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
माझे प्रतिपादन आधीच सांगून टाकतो. सूचना प्रसिद्ध करणे वेगळे आणि सूचना पोहोचवणे वेगळे. या दोहोंमधील अंतर एकट्या वैमानिकाच्या माथी मारण्याची रीत विमानवाहतुकीत रूढ झाली आहे, ती मोडली पाहिजे. धोका ज्याला ठाऊक आहे त्याने समोरच्याकडून पोच घेतल्याशिवाय आपले काम संपले असे मानू नये. हे अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणेल. परंतु याचे दाखले विमानवाहतुकीतच आहेत, आणि जमिनीवर तर ते आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात रोज दिसतात.

३/
पुणतांब्यापासून आरंभ करू. गोदाकाठचे हे गाव चांगदेव महाराजांच्या समाधीसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. १ जून २०१७ पासूनच्या शेतकरी संपाची हाक येथूनच निघाली, हे नव्या पिढीला ठाऊक आहे. दौंड–मनमाड लोहमार्गावरील हे जंक्शन. साईनगर शिर्डीचा फाटा येथूनच निघतो. गावाच्या पश्चिमेस काकडी येथे शिर्डीचा विमानतळ आहे, त्याचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी झाले. म्हणजे या एका परिसरात रुळांवर एक व्यवस्था धोक्याचा इशारा देते आणि डोक्यावरच्या आकाशात दुसरी. या दोहोंची तुलना करण्यास याहून चांगली जागा नाही.

४/
आधी रूळ पाहू. पुढे कुठे रुळांची दुरुस्ती चालू आहे, एखादा पूल कमकुवत झाला आहे, तर रेल्वे चालकाला लेखी ‘कॉशन ऑर्डर’ देते. अमुक किलोमीटरपासून अमुक किलोमीटरपर्यंत ताशी इतकाच वेग, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. नेमून दिलेल्या स्थानकांवर हा कागद चालकाच्या हाती पडतो आणि त्याची सही घेतली जाते. गार्डलाही प्रत मिळते. सही झाली म्हणजे देणाऱ्याने दिले आणि घेणाऱ्याने घेतले, हे दोन्ही एकाच कागदावर सिद्ध झाले. फलकावर कागद लावला होता, चालकाने उतरून वाचायला हवा होता, असा युक्तिवाद येथे कोणी ऐकून घेणार नाही.

५/
रेल्वे याहूनही पुढे गेली आहे. दाट धुक्यात सिग्नल दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या बऱ्याच अलीकडे रुळावर फटाके बसवण्याची पद्धत आहे. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की स्फोट होतो आणि चालकाला कळते की सिग्नल जवळ आला. इशारा चालकाच्या शोधात जातो, चालकाला इशाऱ्याच्या शोधात जावे लागत नाही. हे तंत्र एकोणिसाव्या शतकातले आहे. ज्या कोण्या माणसाला ते सुचले त्याला एक गोष्ट उमगलेली होती: ऐकणाऱ्याला ऐकू जाईल अशा जागी आणि अशा क्षणी इशारा ठेवणे हे देणाऱ्याचे काम आहे.

६/
आता मान वर करून पाहू. विमानासाठी जी सूचना निघते तिला ‘नोटॅम’ म्हणतात. वैमानिकांसाठीची सूचना, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या पंधराव्या परिशिष्टात तिचे नियम आहेत. धोक्याचे क्षेत्र कार्यान्वित करायचे असेल तर किमान सात दिवस आधी कळवावे, तात्पुरत्या सूचनेची मुदत तीन महिन्यांहून अधिक असू नये, इत्यादी. भारतात हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. सूचना संगणकजालावर येते. उड्डाणापूर्वी ती पाहून घेणे हे वैमानिकाचे कर्तव्य मानले जाते. कर्तव्य मानले जाते, येथेच खरी मेख आहे.

७/
त्या सूचनेची भाषा पाहा. क्यू-एम-आर-एल-सी: म्हणजे धावपट्टी बंद. क्यू-डब्ल्यू-एम-एल-डब्ल्यू: म्हणजे क्षेपणास्त्र, तोफ वा रॉकेट यांचा मारा होणार आहे. पाच अक्षरांचा हा संकेत तारायंत्राच्या काळातला आहे. एकेक अक्षर टकटक करून पाठवावे लागे, म्हणून शब्द आखडले गेले. मजकूर सगळा मोठ्या रोमन लिपीत, तोही टेलिप्रिंटरचा वारसा. यंत्रे संग्रहालयात गेली, त्यांची काटकसर मात्र वैमानिकाच्या डोळ्यांना अजून जाचते आहे. जीविताशी निगडित मजकूर मुद्दाम दुर्बोध ठेवण्याचे आज एकही कारण उरलेले नाही.

८/
येथे आपल्या जिल्ह्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अहिल्यानगरजवळ सैन्याचे के. के. रेंज हे सरावक्षेत्र आहे. रणगाडे आणि तोफा यांचा मारा तेथे होतो. अशा सरावासाठी १९३८ चा एक कायदा आहे. गोळीबाराच्या काळात धोक्याच्या क्षेत्रातील लोकांना दवंडी पिटून आणि स्थानिक भाषेतील नोटिसा डकवून आगाऊ कळवण्याची रीत त्याच्या अंमलबजावणीशी जोडलेली आहे. म्हणजे ब्रिटिश अमदानीतील सरकारलाही हे मान्य होते, की राजपत्रात छापले म्हणजे मेंढपाळाला कळले असे होत नाही. जे मेंढपाळाच्या बाबतीत मान्य झाले, ते वैमानिकाच्या बाबतीत अमान्य का व्हावे?

९/
इशारा देण्याचे तीन प्रकार यातून स्पष्ट होतात. पहिला, चावडीवर डकवलेला कागद: ज्याला गरज असेल त्याने येऊन वाचावा. दुसरा, दवंडी: आवाज गावभर जातो, मात्र शेतावर गेलेल्याने ऐकला की नाही हे दवंडी पिटणाऱ्याला कळत नाही. तिसरा, सहीनिशी पोच. नोटॅम हा पहिल्या प्रकारातला. रेडिओवरून होणारे सुरक्षा-प्रसारण दुसऱ्या प्रकारातले. तिसरा प्रकार विमानवाहतुकीत आहे, पण तो मोजक्याच ठिकाणी. हे असे का झाले, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

१०/
१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले. विमान पस मॉथ, एका इंजिनाचे. त्यात रेडिओ नव्हता. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडे, म्हणून त्या दिवसांत विमानसेवेला पुण्यात येरवड्याकडे मुक्काम हलवावा लागे. मैदान उतरण्याजोगे आहे की नाही, ही वार्ता उड्डाणापूर्वी तारेने मिळाली तर मिळाली. एकदा चाके जमिनीवरून उचलली की वैमानिक जगापासून तुटला. कागदी सूचनेचा संसार या काळातला आहे, आणि त्या काळात त्याला पर्यायही नव्हता.

११/
रेडिओ आला आणि ही सबब संपली. उडत्या विमानाला जमिनीवरचा माणूस हाक मारू शकतो, हे साध्य झाले. त्यातूनच ‘वोल्मेट’ जन्मास आले: उडणाऱ्यांसाठी हवामान, असा त्या फ्रेंच घडणीच्या शब्दाचा भाव. मुंबईचे वोल्मेट प्रसारण ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झ अशा लघुलहरींवर, दर अर्ध्या तासाने, ठरलेल्या मिनिटाला होत आले आहे. कराची, कोलकाता, बँकॉक, सिंगापूर यांनी आपापली मिनिटे वाटून घेतली आणि एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलण्याची शिस्त पाळली. अरबी समुद्रावर रात्री एकाकी जाणाऱ्या विमानाला या खरखरत्या आवाजाचा आधार होता.

१२/
धोक्याच्या हवामानासाठी ‘सिग्मेट’ हा स्वतंत्र इशारा असतो. गडगडाटी वादळे, तीव्र हेलकावे, चक्रीवादळ, ज्वालामुखीची राख असे विषय त्यात येतात. त्याची मुदत सामान्यतः चार तास, आणि राख वा चक्रीवादळ असेल तर सहा तास. भारतीय आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा उड्डाण माहिती क्षेत्रांत वाटलेले आहे. पुणतांब्यावरचे आकाश मुंबई क्षेत्रात मोडते, आणि तेच क्षेत्र पश्चिमेस अरबी समुद्रावर दूरवर पसरलेले आहे. नियंत्रक हा इशारा रेडिओवरून सर्व विमानांना उद्देशून वाचतो. कोणी ऐकला आणि कोणी ऐकला नाही, याची नोंद मात्र आपोआप होत नाही. आकाशातील दवंडी ती हीच.

१३/
दवंडीही पिटली गेली नाही तर काय होते, ते २४ जून १९८२ च्या रात्री दिसले. ब्रिटिश एअरवेजचे ९ क्रमांकाचे उड्डाण लंडनहून मुंबई, चेन्नई, क्वालालंपूर असे टप्पे घेत पर्थकडे चालले होते. जावा बेटाजवळ गलुंगगुंग ज्वालामुखीची राख इंजिनांत शिरली आणि बोइंग ७४७ ची चारही इंजिने बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी विमान तरंगत खाली आणले. राखेच्या ढगातून बाहेर पडल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ता येथे उतरले. सर्व प्रवासी वाचले.

१४/
लक्षात घ्या, हा ज्वालामुखी त्या रात्री अचानक जागा झाला नव्हता. एप्रिलपासून त्याचे उद्रेक चालू होते. जावातल्या शेतकऱ्याला ते ठाऊक होते, भूशास्त्रज्ञांना ठाऊक होते. विमानात बसलेल्या माणसांना मात्र ठाऊक नव्हते. कोरडी राख हवामानाच्या रडारवर दिसत नाही, त्यामुळे डोळे उघडे ठेवूनही काही उपयोग नव्हता. तीनच आठवड्यांत सिंगापूर एअरलाइन्सचे विमान त्याच राखेत सापडले. ज्ञान जमिनीवर साठून राहिले आणि धोका हवेत भोगला गेला. हा वैमानिकाच्या दक्षतेचा प्रश्न होता, असे कोणी म्हणू शकेल काय?

१५/
त्यानंतर जगाने धडा घेतला. राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रे पुढे उभी राहिली, आणि भूशास्त्रज्ञ, हवामानतज्ज्ञ, नियंत्रक, विमान कंपन्या यांची साखळी जुळवली गेली. तिचे फळ आपण अलीकडेच पाहिले. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी हा हजारो वर्षे निद्रिस्त असलेला ज्वालामुखी जागा झाला. राख लाल समुद्र आणि अरबस्तान ओलांडून दुसऱ्याच दिवशी अरबी समुद्रावरून पश्चिम भारताकडे आली. तूलूझच्या केंद्राने राखेचा माग सांगितला, नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना सूचना दिल्या, काही उड्डाणे रद्द झाली, राखेच्या वाटेने गेलेली विमाने तपासली गेली.

१६/
या सूचनांतील एक भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. इंजिनाचे वागणे बदलले, कक्षात धूर वा वास आला, तर वैमानिकांनी तत्काळ कळवावे, असे त्यांना सांगण्यात आले होते. म्हणजे माहिती खालून वर गेली आणि वरून खालीही आली. बोलणारा ऐकूही लागला. १९८२ आणि २०२५ यांच्यातील खरा फरक उपग्रहांइतकाच या दुतर्फा वाटेचाही आहे. व्यवस्था वैमानिकाच्या मागे धावली, म्हणून ती चालली. आता जेथे ती धावली नाही, ती उदाहरणे घेऊ.

१७/
३ जुलै १९८८. बंदर अब्बासहून दुबईकडे निघालेले इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे विमान अमेरिकी युद्धनौका व्हिन्सेनसने पाडले. २९० माणसे गेली, त्यांत दहा भारतीय होते. नौकेने इशारे दिले होते, एकूण दहा. त्यांतील सात लष्करी वारंवारतेवर होते, जी प्रवासी विमानात ऐकूच येत नव्हती. उरलेले तीन १२१.५ या नागरी आणीबाणीच्या वारंवारतेवर होते. ते ‘अज्ञात विमाना’ला उद्देशून होते. ठरल्या मार्गाने, नियंत्रकाशी बोलत वर चढणाऱ्या वैमानिकाने स्वतःला अज्ञात का समजावे?

१८/
कागदोपत्री मात्र सर्व यथासांग होते. आखातात अमेरिकी नौकांजवळून जाणाऱ्या विमानांनी ही वारंवारता ऐकत राहावे, अशी सूचना अमेरिकेने आदल्या वर्षी काढलेलीच होती. सूचना होती, प्रसारण होते, आणि २९० शवेही होती. इशारा दिला एवढ्यावर समाधान मानणारी व्यवस्था शेवटी कोठवर जाते, याचे हे टोकाचे उदाहरण. दुर्दैवाने त्याकडे युद्धातील दुर्घटना म्हणून पाहिले गेले; संपर्कातील अपयश म्हणून जितके पाहायला हवे होते तितके पाहिले गेले नाही.

१९/
१७ जुलै २०१४ चे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. पूर्व युक्रेनवरील आकाश तीनच दिवस आधी ३२,००० फुटांखाली बंद केले गेले होते. मलेशिया एअरलाइन्सचे एमएच १७ हे विमान ३३,००० फुटांवरून जात होते, म्हणजे सूचनेचे तंतोतंत पालन करीत होते. ते क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ जण मृत्यू पावले. डच सुरक्षा मंडळाच्या चौकशीने पुढे दाखवून दिले, की ते आकाश पूर्णतः बंद करण्यास पुरेसे कारण होते. सूचनेत उंचीचा आकडा होता. त्या आकड्यामागे कोणते भय आहे, याचा पत्ता वैमानिकाला तीतून लागत नव्हता. कारण दडवलेला इशारा हा अर्धा इशारा होय.

२०/
आता प्रतिपक्षाचे म्हणणे न्यायाने मांडतो. ते म्हणतात: वैमानिक हा शिकलेला, परवानाधारक व्यावसायिक आहे, सूचना वाचणे हे त्याच्या कामाचा भाग आहे, प्रत्येकाच्या मागे फिरून सांगत बसणे म्हणजे त्याला बालक समजणे होय. यात तथ्य आहे. वैमानिकाचे कर्तव्य मी नाकारीत नाही. परंतु ज्याला वाचायला सांगितले त्याच्यापुढे काय ठेवले आहे, हेही पाहिले पाहिजे. एका लांब उड्डाणासाठी पानेच्या पाने भरतील इतक्या सूचना येतात. कुठे गवत कापणे चालू आहे, कुठे दूरच्या क्रेनवरचा दिवा बंद आहे, आणि त्यांच्याच रांगेत, त्याच अक्षरांत: धावपट्टी बंद.

२१/
७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्को येथे एअर कॅनडाचे ७५९ क्रमांकाचे विमान धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीमार्गावर उतरू लागले. तेथे चार विमाने प्रवाशांसह उभी होती. जमिनीपासून सुमारे ६० फुटांवरून विमान पुन्हा वर उचलले गेले, म्हणून इतिहासातील एक महाभयंकर अपघात टळला. दोनपैकी एक धावपट्टी त्या रात्री बंद होती. ती माहिती २७ पानांच्या कागदपत्रांत आठव्या पानावर होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी या सूचनापद्धतीची संभावना जाहीरपणे कचरा अशा शब्दांत केली. ते काही कोणी चळवळे नव्हते.

२२/
याला जोडून दुसरी घटना पाहा. ११ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेची नोटॅम यंत्रणा बंद पडली आणि देशभरातील उड्डाणे काही काळ थांबवण्यात आली. हजारो विमानांना उशीर झाला. म्हणजे सूचना उपलब्ध नसेल तर एकही विमान उडू द्यायचे नाही, इतकी ती अत्यावश्यक मानली जाते. उत्तम. मग ती उपलब्ध असताना वाचली गेली की नाही, समजली की नाही, हे पाहणे अत्यावश्यक का नाही? दुकान उघडे असल्याची खात्री सरकार करते. माल गिऱ्हाईकाच्या हाती पडला की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही.

२३/
दुसरा आक्षेप असा: रेडिओवर आधीच गर्दी आहे, प्रत्येक विमानाकडून पोच घेत बसलो तर नियंत्रकाला बोलायला उसंत मिळणार नाही. या आक्षेपाचे उत्तर ‘एटिस’मध्ये आहे. मोठ्या विमानतळांवर हवामान, चालू धावपट्टी, तात्पुरते अडथळे यांची ध्वनिमुद्रित माहिती सतत वाजत असते. प्रत्येक आवृत्तीला एक अक्षर असते. माहिती बदलली की अक्षर बदलते. वैमानिक नियंत्रकाशी प्रथम बोलताना ते अक्षर सांगतो. दोन सेकंदांत नियंत्रकाला कळते की याच्याकडे ताजी माहिती आहे की शिळी. दवंडीला जोडलेली ही पोच अनेक दशके रोज चालते आहे.

२४/
तसेच आज्ञेच्या पुनरुक्तीचे. धावपट्टीवर जाण्याची, उतरण्याची, उंची बदलण्याची परवानगी वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते आणि नियंत्रकाने ती ऐकून चूक असल्यास सुधारावी लागते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे गेली. संदिग्ध शब्द आणि एकमेकांवर चढलेली बोलणी ही त्यामागील प्रमुख कारणे होती. त्यानंतर ही शिस्त कडक झाली. आज्ञेला पोच लागते हे विमानवाहतुकीने रक्त सांडून शिकले. इशाऱ्यालाही ती लागते, हे शिकण्यासाठी आणखी किती सांडायचे?

२५/
तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे: पोच म्हणजे आकलन नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या रात्री धावपट्टी बंद असल्याची माहिती एटिसमध्येही होती आणि ती विमानात पोहोचलीही होती. हे खरे आहे. म्हणूनच केवळ पोच पुरत नाही, इशारा योग्य क्षणीही यावा लागतो. रेल्वेचा फटाका सिग्नलच्या जवळच फुटतो, मागच्या स्थानकावर नव्हे. उतरण्याच्या परवानगीसोबतच ‘शेजारची धावपट्टी बंद आहे’ असे चार शब्द उच्चारणे एवढाच त्यावरचा उपाय. आक्षेप माझ्या मुद्द्याला खोडत नाही. तो पुढे नेतो.

२६/
आता आपल्या महाराष्ट्राकडे परत येऊ. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी राज्याच्या अनेक भागांतून लोकांनी आकाशात जळत्या रेषा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले; परिसरात धातूचे गोलही सापडले. ते चिनी लाँग मार्च रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष होते, असे अभ्यासकांनी सांगितले. जळत्या तुकड्यांचा हा पाऊस जमिनीवर येण्याआधी विमानांच्या उंचीवरून गेला. अनियंत्रित अवशेष दीड तासात पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो, त्यामुळे कोसळण्याच्या वेळेतील थोडी चूकही हजारो किलोमीटरची होते.

२७/
अशा धोक्याला सात दिवसांची आगाऊ कागदी सूचना लावून पाहा, हसू येईल. येथे उपयोगाची एकच गोष्ट असते: उडत्या विमानाशी त्या क्षणी बोलणे. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी अशाच एका चिनी रॉकेटसाठी स्पेनने आपले काही आकाश सुमारे ४० मिनिटे बंद केले आणि शेकडो उड्डाणांना त्याची झळ बसली. १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेसएक्सचे स्टारशिप कॅरिबियन समुद्रावर फुटले, तेव्हा नियंत्रकांनी वाटेतल्या विमानांना रेडिओवरून थांबवले, वळवले. वैमानिक आणि नियंत्रक समोरासमोर बोलले म्हणून ते निभावले. अवकाशातील वर्दळ वाढते आहे, असे प्रसंगही वाढणार.

२८/
पोच घेणारी व्यवस्था जेथे नाही तेथे वैमानिकांनी स्वतःच ती उभी केली आहे. आफ्रिकेच्या विस्तीर्ण आकाशात नियंत्रकाचा आवाज पोहोचेलच याची शाश्वती नव्हती, म्हणून वैमानिक १२६.९ या वारंवारतेवर आपले स्थान, उंची आणि दिशा स्वतःहून पुकारू लागले. शेजारून जाणारा ते ऐकतो आणि गरज पडल्यास उत्तर देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचे नियंत्रण कोसळले तेव्हाही हीच रीत कामी आली. ज्यांचा जीव पणाला लागलेला असतो त्यांना दवंडी आणि पोच यांतील फरक कोणी शिकवावा लागत नाही.

२९/
यात सर्वाधिक धोक्यात कोण आहे? मोठ्या कंपनीच्या वैमानिकामागे सूचना चाळून देणारा विभाग असतो. पण बारामती, धुळे, गोंदिया येथे शिकणारा विद्यार्थी जेव्हा पहिल्यांदा एकटा दूरच्या उड्डाणाला निघतो, तेव्हा त्याच्याजवळ असतात ते चार कागद आणि एक रेडिओ. वीस-बावीस वर्षांचे ते पोर क्यू-डब्ल्यू-एम वाचताना चुकले, तर दोष त्याच्या नावावर लिहून फाइल मिटवता येते. सर्वांत दुबळ्या कडीवर सर्वाधिक भार टाकणाऱ्या व्यवस्थेला सुरक्षाव्यवस्था म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

३०/
तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. एक: उड्डाणानंतर उद्भवलेला प्रत्येक धोका संबंधित विमानाला रेडिओवरून नावानिशी सांगावा आणि त्याची पोच घ्यावी. दोन: एटिसप्रमाणे उड्डाण माहिती क्षेत्रातील धोक्याच्या प्रसारणालाही बदलते अक्षर असावे आणि प्रथम संपर्कातच ते विचारले जावे. तीन: जीवघेण्या सूचना आणि किरकोळ सूचना वेगळ्या कराव्यात, मुदत संपलेल्या तत्काळ काढाव्यात. चार: संकेताक्षरे यंत्रासाठी ठेवावीत, माणसासाठी सरळ वाक्य असावे आणि त्यात धोक्याचे कारणही असावे.

३१/
आणि पाचवी मागणी चौकशी करणाऱ्यांकडे. अपघातानंतरचा पहिला प्रश्न ‘वैमानिकाने सूचना वाचली होती काय’ असा नसावा. ‘वैमानिकाला कळले आहे, याची खात्री कोणी केली होती’ असा असावा. या एका प्रश्नाने कचेऱ्यांच्या सवयी बदलतील, कारण ज्या गोष्टीचा जाब विचारला जातो तीच गोष्ट केली जाते. कॉशन ऑर्डरवरील सही चालकाच्या मानापमानासाठी घेतली जात नाही. ती घेतल्यावाचून गाडी सोडणाऱ्यालाच जबाब द्यावा लागतो, म्हणून घेतली जाते. आकाशात इशारा देणाऱ्यांनाही तोच नियम लागू झाला पाहिजे.

(धागा समाप्त. मतभेद असतील तर जरूर मांडावेत. विशेषतः नियंत्रणकक्षात वा विमानात काम केलेल्या वाचकांनी.)